अर्थ परवा सांगतो

तुमच्या घरातल्या आजारी माणसाला तुम्ही आजवर किती वेळा ‘धीर धर’ म्हणालात, आणि त्यांतल्या किती वेळा ते त्याच्याजवळ खाली बसून म्हणालात?

उभ्या उभ्या म्हटलेला धीर मी पुष्कळ ऐकला आहे. हातात पिशवी, पायात चपला, नजर मोबाइलवर आणि तोंडात ‘धीर धर हं’. मला त्या माणसांचा राग यायचा. अजूनही येतो. पण हे लिहिण्याचं कारण राग नाही. धीर हा शब्द एकदाही तोंडातून न काढता एका माणसानं मला धीर दिला. तो माणूस आता नाही. ज्याला आज ना उद्या डायलिसिसच्या मशीनला हात जोडून घेऊन अर्धा दिवस पडून राहायचं आहे, त्याला हे ठाऊक असावं म्हणून लिहिते.

गुलाबी आणि पिवळे कागद

मी पत्रकांवर वाढले. अण्णा, म्हणजे माझे वडील, तरुणपणी इचलकरंजीत माग चालवायचे. पुढे कोल्हापुरात त्यांनी छोटा छापखाना टाकला. लग्नपत्रिकांवर पोट भरायचं आणि उरलेल्या वेळात मागवाल्यांची, मोलकरणींची, धरणग्रस्तांची पत्रकं छापायची, असा त्यांचा संसार. मी अक्षरं पाटीवर शिकले नाही, गुलाबी आणि पिवळ्या कागदांवर शिकले. ‘अन्याय’ हा मला वाचता आलेला पहिला जोडाक्षराचा शब्द.

घरात देव्हारा नव्हता. आईनं माहेरून आणलेली अन्नपूर्णा कपाटात साड्यांच्या घडीत राहायची. अण्णांना ते माहीत होतं. आपल्याला माहीत आहे हे त्यांनी कधी दाखवलं नाही. दोघांची एवढीच तडजोड, आणि ती टिकली.

मोठी झाल्यावर मीही पत्रकं लिहू लागले. कसं लिहायचं ते अण्णांनीच शिकवलं. वाचणारा चौकात उभा आहे, त्याची बस येणार आहे, तेवढ्यात त्याला पेटव. आणि सगळ्यांत खाली त्यानं काय करायचं ते सांग. ‘मोठ्या संख्येने सामील व्हा.’ शेवटच्या ओळीशिवायचं पत्रक म्हणजे दांड्याशिवायची कुऱ्हाड, असं ते म्हणायचे. वाचणं म्हणजे हेच, असं मी समजत होते. भरभर वाचायचं आणि उठायचं.

ज्या दिवशी कळलं

त्या दिवशीही मी कलेक्टर कचेरीसमोर पत्रकंच वाटत होते. पाय चपलेत मावत नव्हते आणि मी पट्टा सैल करून उभी होते. एका भाजीवाल्या मावशींनी पत्रक घेतलं, ते न वाचता माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, “बाई, तोंड सुजलंय की तुझं. आधी दवाखान्यात जा. मोर्चा काय पळून जातोय व्हय?”

डॉक्टर वाईट माणूस नव्हते. दोन्ही किडन्या जवळजवळ थांबल्यात, रक्तदाब बराच काळ वाढलेला असणार, तुमच्या वयात कोण तपासून घेतं, असं त्यांनी सांगितलं. मग दारातून कुणीतरी हाक मारली. ते उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवून “धीर धरा” म्हणाले आणि गेले.

अण्णा शेजारी बसले होते. त्यांनी रिपोर्ट हातात घेतला, खिशातली पेन्सिल काढली आणि प्रूफ वाचतात तसं एकेका ओळीखाली ती फिरवत वाचू लागले. इंग्रजी त्यांना बेताचंच येतं. पहिल्यांदा मला कळेना हे काय चाललंय. मग कळलं. ते चूक शोधत होते. कुठंतरी एखादा आकडा चुकून पडला असेल, एखादं अक्षर उलटं बसलं असेल, म्हणून ते शेवटच्या पानापर्यंत गेले आणि पुन्हा पहिल्या पानावर आले.

घरी आल्यावर आईनं मिठाची बरणी मांडणीवरून उचलली आणि माझ्या नजरेआड ठेवली.

माग चालू हाय

मग दिवसाआड डायलिसिस सुरू झालं. ज्यांना हे नवीन आहे त्यांना एवढंच सांगते: मशीनला घाबरू नका, तहानेला घाबरा. पाणी बेतानं प्यायचं असतं. बर्फाचा खडा जिभेवर ठेवून तो जास्तीत जास्त वेळ कसा टिकवायचा, हे मला आता कुणालाही शिकवता येईल. कधी पायाला असे पेटके येतात की आपलाच पाय आपला वैरी वाटतो. जेवण अळणी. आई माझ्याबरोबर अळणीच खायची, मी कितीही ओरडले तरी. एकदा मी पाणी घ्यायला अचानक स्वयंपाकघरात गेले, तर ती पाठमोरी उभी राहून बरणीतली लोणच्याची फोड चोखत होती. मला बघून लहान मुलीसारखी दचकली. त्या दिवशी आम्ही दोघी पोट दुखेपर्यंत हसलो. आजारपणात असं हसू मिळालं तर ते ठेवून द्यावं, पुढं लागतं.

सुया टोचायला हाताची एक शीर ऑपरेशन करून मोठी करतात. मग मनगटावर सतत थरथर जाणवते. अण्णांनी एकदा तिथं कान लावला, बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले, “माग चालू हाय.”

पण त्या मागावर काही विणलं जात नव्हतं. किडनी बदलायची तर आईला साखर, त्यामुळं तिची मला चालणार नव्हती. अण्णा तपासण्यांना गेले तेव्हा इस्त्रीचा सदरा घालून गेले. त्यांचंही जुळलं नाही. परत आले ते सरळ छापखान्यात गेले आणि घरी जेवायला आले नाहीत. माझं नाव प्रतीक्षा यादीत लागलं. यादी म्हणजे काय हे मला माहीत होतं. धरणग्रस्तांच्या याद्या मी स्वतः छापल्या होत्या.

त्यानंतर मी ठरवलं की बस झालं. मरायची हौस नव्हती. पण मी आयुष्यभर लोकांना ‘उठा’ म्हणत आले होते, आणि आता माझ्या वाट्याला फक्त पडून राहणं आलं होतं. असं जगण्यात मला मान दिसत नव्हता. डायलिसिसला जायचं थांबवायचं, आणि जे होईल ते होऊ द्यायचं.

शेजारचा बेड

सेंटरमध्ये माझ्या शेजारच्या बेडवर तात्या असायचे. मूळचे शाहूवाडीकडचे, भाताची शेती. उपचारासाठी मुलाकडे कोल्हापुरात राहिले होते. साखरेनं आधी डोळे नेले होते, मग किडन्या. आवाज मात्र तिनं सोडला होता, आणि तात्या तो पुरेपूर वापरायचे. उशाशी तांबड्या फडक्यात बांधलेली पोथी.

पहिल्या दिवशी मी कुणाशी तरी बोलत होते तेव्हा ते ओरडले होते, “पावणं, कुठल्या गावचं म्हणायचं?”

“मी पावणी आहे, तात्या. कोल्हापूरचीच.”

“व्हय? नारळ फोडल्यागत बोलतीस, म्हणून बाप्या वाटला.”

आमचे टेक्निशियन नदाफदादा हसत म्हणाले, “तात्या, ही मोर्चे काढत्या. पत्रकं लिहित्या.”

“म्हंजे कामरेड म्हणा की.”

तेव्हापासून मी कामरेड. माझं खरं नाव त्यांनी कधी विचारलं नाही.

दर वेळी त्यांचं एकच मागणं असायचं: पोथी वाचून दाखव. कोणती पोथी, ते मी मुद्दाम लिहीत नाही. आपल्याकडं नाव घेतलं की लोक पोथी बाजूला ठेवून नावावरून भांडतात. तुमच्या घरात जी असेल ती समजा. मी दर वेळी नाही म्हणायचे.

“का? इटाळ हाय?”

“विचारात बसत नाही माझ्या.”

“मग इचार बाजूला ठेव घडीभर. उशाला ठेव. कोण न्हाय चोरत.”

ज्या दिवशी मी नदाफदादांना हळूच सांगितलं की परवापासून मी येणार नाही, त्या दिवशी त्यांनी माझ्या हातावरची पट्टी पुन्हा एकदा तपासली. तात्यांनी ऐकलं असणार. त्यांचे कान फार तिखट. पण ते नेहमीसारखं म्हणाले, “कामरेड, वाचाय येतं का?”

“एम. ए. आहे मी.”

“ते न्हाय इचारलं.”

मला वाटलं, आजचा शेवटचा दिवस. म्हाताऱ्याची एवढी इच्छा पुरी करू. वाचून दाखवणं हे काम आहे, भक्ती नाही, अशी मी माझी समजूत घातली आणि मोकळ्या हातानं फडकं सोडलं.

लाठीचार्ज झालाय का मागं?

मी वाचायला लागले आणि पहिल्या दहाबारा ओव्या एका दमात संपवल्या.

“थांब, थांब!” तात्या ओरडले. “लाठीचार्ज झालाय का मागं? कुठं पळालीस?”

मग त्यांनी त्यांच्या गावची रीत सांगितली. श्रावणात देवळात पोथी बसायची. एकानं वाचायचं, समोर बसलेल्यानं अर्थ सांगायचा. त्यांची बायको हिराबाई वाचायची आणि अर्थ तात्या सांगायचे. “गावात पयल्यांदा बाईमाणूस वाचाय बसलं. चारचौघांनी तोंडं वाकडी केली. म्या म्हणलं, बरं, मग तुमी वाचा. त्येंना कुठं येतंय!” हिराबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती. तेव्हापासून पोथी फडक्यात होती.

रीत अशी: एक ओवी वाचायची आणि थांबायचं. पुन्हा तीच वाचायची. सगळे गप्प. मग अर्थ. अर्थ सांगितल्याशिवाय पुढं जायचं नाही. आणि उठायच्या वेळी शेवटची ओवी वाचायची, पण तिचा अर्थ त्या दिवशी सांगायचा नाही. तो बाकी ठेवायचा. दुसऱ्या दिवशी तिथूनच सुरुवात.

“का?” मी विचारलं.

“माणसं परत यायला नकोत व्हय?”

त्या दिवशीची शेवटची ओवी भूमीबद्दल होती. लोक तिला खणतात, नांगरतात, तुडवतात, आणि ती सगळं सोसते, असं काहीतरी. माझं डोकं फिरलं. मी त्या सुईच्या हातानिशी उठून बसले. म्हटलं, “हेच! हेच आमचं भांडण आहे तुमच्या पोथ्यांशी. सोसा म्हणायचं. बाईनं सोसा, कुळानं सोसा, मागवाल्यानं सोसा. तुडवणाऱ्याला कुणी काही सांगत नाही!”

“झालं बोलून?”

“नाही झालं. सांगा अर्थ.”

“अर्थ परवा.”

“मी परवा येणार नाही!”

“मग न्हाय कळायचा,” तात्या म्हणाले आणि तोंड भिंतीकडं करून झोपले.

मी घरी गेले. दोन दिवस ती ओवी डोक्यात ठणकत राहिली. तिच्याविरुद्ध एक आख्खं पत्रक मनात तयार झालं, मथळ्यासकट. आणि ते वाचून दाखवायला एकच माणूस होता. परवा उजाडलं. अण्णांनी नेहमीसारखी रिक्षा बोलावली. माझ्या बेताचा त्यांना पत्ताही नव्हता. मी रिक्षात बसले, ते भांडायला.

तात्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “सोसती म्हंजे गप बसती, असं कुठं लिव्हलंय? लावणीला आमी चिखल तुडवतो, ती काय म्हणत न्हाय. पर म्हैन्याभरानं बघाय ये. तुडवल्याली जागा हिरवीगार. पोटात कायतरी धरल्यालं आसतंय म्हणून सोसती ती. ज्याच्या पोटात काय न्हाय, त्यो सोसत न्हाय, नुसता पडून ऱ्हातो.”

“मग माझ्या पोटात काय आहे, तात्या?”

“ते म्या कसं सांगू? प्वाट तुझं.”

नदाफदादा एवढ्यानं हसले की पलीकडच्या बेडवरचा माणूस जागा झाला.

मला ते पूर्ण पटलं नाही. आजही नाही. पण भांडण अर्धं राहिलं, आणि त्या दिवशीही शेवटच्या ओवीचा अर्थ बाकी राहिला. अर्धं भांडण टाकून जाणं माझ्या स्वभावात नाही. मी येत राहिले.

तहानेच्या वेळी

हे कसं काम करतं ते सांगायचा प्रयत्न करते, कारण ते कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

दोन डायलिसिसच्या मधल्या दिवशी तहान फार लागते. आधी त्या दिवसाला काही आकार नसायचा. आता एक न उलगडलेली ओवी बरोबर असायची. बर्फाच्या खड्यासारखी ती जिभेवर ठेवायची. चावायची नाही. एखादा शब्द विरघळायचा, मग दुसरा. कधी काहीच हाती लागायचं नाही आणि नुसती ओल राहायची. पत्रकानं मला कायम पुढं ढकललं होतं. ही ओळ ढकलत नव्हती. ती जिथल्या तिथं थांबायची, आणि तिच्याजवळ मलाही थांबता यायचं. पडून राहणं आणि थांबणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे मला तेव्हा कळलं. मी देव मानू लागले का? नाही. पण परवाची वाट बघू लागले. ज्या बाईला परवा नकोच होता, तिच्यासाठी हे थोडं नव्हतं.

हळूहळू मीही अर्थ घेऊन येऊ लागले. तात्या ऐकायचे आणि म्हणायचे, “बरोबर हाय, पर भाषण जास्त झालं.” कधी माझा अर्थ चोरून आपला म्हणून सांगायचे. एकदा मी विचारलं, “तात्या, खरं सांगा. ओवी वाचते तेव्हा तुम्हाला अर्थ माहीत असतो?”

ते गालात हसले. “मला तरी कुठं ठावं आसतंय? दोन दिस डोक्यात घोळीवतो. न्हायतर मी तरी कशाला आलो असतो हितं, सुया टोचून घ्याय?”

अण्णांचा राग

एके दिवशी अण्णा मला न्यायला लवकर आले आणि काचेतून त्यांनी पाहिलं. पोरीच्या मांडीवर पोथी.

अण्णा घरी आल्यावर म्हणाले, “उद्या अंगारा लावशील.”

“अण्णा, मी फक्त वाचते.”

“तीस वर्षं मी ज्याच्या विरोधात छापलं, ते तू वाचतीस. आणि फक्त म्हणतीस?”

मग माझाही तोल गेला. “तुमच्या पत्रकात शेवटी काय असतं? सामील व्हा! मला उठता येत नाही, अण्णा. उठता न येणाऱ्यानं काय करायचं, ते तुमच्या कुठल्या पत्रकात लिहिलंय? दाखवा, मी ते वाचते.”

त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि छापखान्यात निघून गेले. मला ते बोलल्याचं आजही वाईट वाटतं, आणि ते खरं होतं हेही तितकंच.

आई माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, “त्यांना पोथीचा राग न्हाई गं. तुला काय द्यावं ते त्यांच्याकडं न्हाई, आणि त्या म्हाताऱ्याकडं हाय. त्याचा राग हाय.”

शेवटची ओवी

थंडीत तात्यांचा आवाज बसला. मशीनवर असताना रक्तदाब उतरायचा आणि नदाफदादा धावत येऊन त्यांचे पाय वर करायचे. शुद्धीवर आले की पहिला प्रश्न, “कुठं हुतो आपण?” मी ओवी पुन्हा वाचायची.

त्या दिवशीची शेवटची ओवी नावाड्याची होती. पैलतीर धुक्यात आहे, दिसत नाही. तरी जो उभा राहून नावाड्याला हाक मारतो, त्याची हाक त्याच्या आधी पार गेलेली असते. मी दोनदा वाचली. तात्या मग पुटपुटले, “अर्थ परवा.”

का कोण जाणे, मी म्हटलं, “आज सांगा की, तात्या.”

“गडबड कशाला? परवा हाय की.”

परवा मी गेले तेव्हा त्यांच्या बेडवर नवी चादर होती आणि कुणी दुसराच माणूस माझ्याकडं पाठ करून झोपला होता. मी नदाफदादांकडं पाहिलं. त्यांनी माझ्या हाताला पट्टी बांधता बांधता मान खाली घातली. सुई टोचताना त्यांचा हात कधी चुकला नव्हता. त्या दिवशी चुकला.

पुढच्या आठवड्यात तात्यांचा मुलगा आला. हातात तांबडं फडकं. “आमच्यात कोण वाचणार आता? तुमच्याकडं ऱ्हाऊ दे.”

मी विचारलं, “काही म्हणाले का? माझ्यासाठी काही?”

त्यानं मान हलवली. “न्हाय, ताई. बोलायच्या स्थितीत न्हवतं.”

कथांमध्ये मरणारा माणूस निरोप ठेवून जातो. खरी माणसं तशी जात नाहीत. अर्थ बाकी राहिला. कायमचा.

स्टूल

पोथी मी घरी आणून कपाटावर ठेवली. ती उघडणं मला जमेना. ती न उघडता सेंटरमध्ये जाऊन पडणं तर त्याहून जमेना. जुना बेत परत आला, या वेळी चुपचाप. एका सकाळी मी आईला सांगितलं, मी आज जाणार नाही, आणि उद्याही नाही. आई दारात खाली बसली. रडली नाही, नुसती बसली.

अण्णा आतून आले. त्यांनी खुर्ची ओढली, तिच्यावर चढले आणि कपाटावरून पोथी काढली. ज्या माणसानं उभ्या जन्मात पोथीला हात लावला नव्हता, त्याला ती कशी धरायची ते कळत नव्हतं. शेवटी छापखान्यातला ताजा गठ्ठा धरतात तशी त्यांनी ती दोन्ही हातांवर आडवी घेतली, शाई ओली असल्यासारखी.

“रिक्षा थांबल्या,” ते म्हणाले. “चल.”

सेंटरमध्ये सोबतच्या माणसाला आत बसू देत नाहीत. नदाफदादांनी न विचारता एक स्टूल आणून ठेवलं. अण्णा माझ्या आणि तात्यांच्या बेडच्या मध्ये बसले.

“वाच.”

“तुम्हाला पटत नाही, अण्णा.”

“पटायचं मग बघू. वाच.”

मी नावाड्याची ओवी वाचली. थांबले. पुन्हा वाचली. अण्णांनी सवयीनं खिशातली पेन्सिल काढली, ओळीखाली धरली, आणि परत खिशात ठेवली. मशीनचा आवाज येत होता. मनगटातला माग चालू होता.

“काय अर्थ, अण्णा?” मी विचारलं.

त्यांचे ओठ हलले. “हाक...” एवढंच म्हणाले आणि थांबले. माझ्या वडिलांना शब्द सुचत नाहीत, असं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी माझ्या मनगटावर, जिथं थरथर असते तिथं, हात ठेवला.

“परवा सांगतो,” अण्णा म्हणाले.

मी बरी झालेले नाही. नाव अजून यादीत आहे. तात्यांची आठवण आली नाही असा परवा अजून गेलेला नाही. पण शेवटच्या ओळीशिवाय पत्रक होत नाही, म्हणून ही शेवटची ओळ तुमच्यासाठी.

तुमच्या गावात, तालुक्यात डायलिसिस सेंटर असेल, कॅन्सरचा वॉर्ड असेल, किंवा तुमच्याच घरात भिंतीकडं तोंड करून कुणी झोपलं असेल. तिथं जा. उभे राहू नका, स्टूल ओढा. त्याला हवी ती पोथी घ्या; पोथी नको असेल तर हवं ते पान घ्या. एकच ओळ वाचा. परत वाचा. अर्थ सांगू नका, त्याला विचारा. आणि उठताना आणखी एक ओळ वाचून तिचा अर्थ बाकी ठेवा. ‘परवा’ म्हणा.

आणि परवा जा.